मोनास : पिंडी की उखळ-मुसळ?

ओसरीवरचा :
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, कामानिमित्त जकार्तात आहे. आई पहिल्यांदाच इकडे आलीय, म्हणून रविवारी तिला मोनास दाखवायला नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोनास म्हणजे मोनुमेन नासिओनाल, इंडोनेशियाचं राष्ट्रीय स्मारक. शहराच्या ऐन मध्यात मर्देका मैदानावर १३२ मीटर उंच संगमरवरी खांब, खाली वाटीसारखा पसरलेला चौकोनी चौथरा आणि टोकावर सोन्याचा मुलामा दिलेली ज्योत.
तर आईने लांबून बघितलं, चप्पल काढली आणि हात जोडले. म्हटलं अगं काय करतेस, हे स्वातंत्र्याचं स्मारक आहे. तर म्हणे, "अरे ही शाळुंका, ही पिंडी, वर दिवा. अजून काय असतं?" माझी ऑफिसातली सहकारी बरोबर होती, मूळची सोलोची, मध्य जावातली. तिला मी सांगितलं आई काय म्हणतेय ते, तर ती हसली आणि म्हणाली, हो, लिंग्गा-योनी असं सांगतात खरं, पण आमच्या आजीला विचाराल तर ती म्हणेल हे आलू आणि लेसुंग आहे. आलू म्हणजे बटाटा नव्हे, मुसळ. लेसुंग म्हणजे उखळ.
तेव्हापासून घरात वाद चालू आहे. आई ऐकायला तयार नाही. तुमचं काय मत? आणि दुसरं म्हणजे एवढ्या मोठ्या मुस्लिम बहुसंख्य देशाने राष्ट्रीय स्मारकाला हा आकार का द्यावा?

चहाबाज :
पहिला. बाकी नंतर वाचतो.

नाठाळ :
आलू-लेसुंग हे नाव एखाद्या भाजीचं वाटतंय. पोळीबरोबर छान लागेल.

रानजाई :
आईंचा नमस्कार आवडला. चप्पल काढली हे तर फारच.
मी ते स्मारक पाहिलेलं नाही, पण फोटोत बघून मलाही आधी पिंडीच वाटली होती.

सह्याद्रीपुत्र_०७ :
यात वाद कसला? व्हॉट्सअॅपवर कधीच आलंय हे, जगातलं सगळ्यात उंच शिवलिंग जकार्तात. आपण इथे भांडत बसतो आणि तिकडे मुस्लिम देश अभिमानाने शिवलिंग उभं करतो. आपला वारसा आहे तो.

टेकडीवरचा :
@सह्याद्रीपुत्र, झालं, आता धाग्याचं काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनापुराणा :
काश्मीर व्हायच्या आत थोडी माहिती टाकतो. 'शिवलिंग उभं केलं' हे वाक्य गडबडीचं आहे. कल्पना पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांची, पॅरिसला आयफेल टॉवर तसं जकार्तात काहीतरी हवं ही त्यांची हौस. १९५५ ला स्पर्धा घेतली, ५१ प्रवेशिका आल्या, एकही पूर्ण पसंत पडली नाही. १९६० ला पुन्हा घेतली, १३६ आल्या, तरी कुणाला पहिलं बक्षीस नाही. मग फ्रेडरिक सिलाबान या वास्तुविशारदाला सांगितलं, तुम्हीच करा. सुकार्नोंना लिंग-योनी हवी होती. सिलाबाननी केलेला आराखडा एवढा अवाढव्य होता की तिजोरीला झेपेना. लहान करा म्हटलं तर हा माणूस नाही म्हणाला, त्यापेक्षा देशाची परिस्थिती सुधारेपर्यंत थांबू म्हणे. थांबतील तर ते सुकार्नो कसले, त्यांनी काम सोएदारसोनो यांच्याकडे सोपवलं. १७ ऑगस्ट १९६१ ला सुरुवात झाली.
आता गंमत बघा. सिलाबान सुमात्राच्या बटाक जमातीतले ख्रिश्चन. त्यांनीच मैदानाच्या ईशान्येची इस्तिकलाल मशीद काढली, आग्नेय आशियातली सगळ्यात मोठी. आणि सुकार्नोंची आई बालीची हिंदू, वडील जावानीज. त्यांचं लहानपणीचं नाव कुस्नो, सारखे आजारी पडायचे म्हणून बदलून कर्णावरून सुकार्नो ठेवलं. तेव्हा हा आकार कुठून आला याचं उत्तर त्यांच्या घरातच आहे, आपण आपला वारसा म्हणून उड्या मारायचं कारण नाही. जावातल्या लोकांना लिंग-योनी काही काल परवा आपण शिकवलेली नाही, हजार-बाराशे वर्षं ती त्यांचीच आहे.

सह्याद्रीपुत्र_०७ :
पण मुळात गेली कुठून? इथूनच ना?

जुनापुराणा :
मिरची पोर्तुगीजांनी आणली. म्हणून कोल्हापूरचा ठेचा लिस्बनचा झाला का?

पांढरा_रस्सा :
ओ ठेच्यावर जाऊ नका राव. बाकी चालू द्या.

सिव्हिलवाला :
मी दोन वर्षांपूर्वी एका कामासाठी जकार्ताला गेलो होतो, तेव्हा इतर लोक ज्योत बघत होते आणि मी पाया. त्या शहराची जमीन म्हणजे निव्वळ गाळ. मुख्य खांबाखाली २८४ पाइल (जमिनीत खोल घातलेले आधाराचे खांब) आणि खालच्या संग्रहालयासाठी आणखी ३६० घातलेत. हा आकडा कुणी सांगत नाही, सगळे सोनं सांगतात.
तो १७-८-४५ चा खेळ मात्र मला मनापासून आवडला. स्वातंत्र्याची घोषणा १७ ऑगस्ट १९४५ ची. म्हणून चौथरा ४५ बाय ४५ मीटर, जमिनीपासून उंची १७ मीटर, आणि खालच्या संग्रहालयाच्या तळापासून वाटीच्या बुडापर्यंत ८ मीटर. त्यांच्या राजचिन्हातल्या गरुडाची पिसं मोजा, पंखाला १७, शेपटीला ८, गळ्याला ४५. इस्तिकलालच्या घुमटाचा व्यास पण ४५ मीटर. एकदा डोक्यात बसलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं, लिफ्टमध्ये ८ दाबताना पण मला वाटलं की काहीतरी अर्थ असणार.

नाठाळ :
आपल्याकडे असं केलं असतं तर ठेकेदाराने १७ मीटर बांधून ४५ मीटरचं बिल लावलं असतं आणि ८ वेळा मुदतवाढ घेतली असती.

सिव्हिलवाला :
@नाठाळ, मुदतवाढ तिथेही झालीच. १९६१ ला सुरू झालेलं काम लोकांसाठी उघडलं १२ जुलै १९७५ ला. मध्ये सरकार बदललं, सुकार्नो गेले, सुहार्तो आले. ज्याने पाया घातला त्याला फीत कापायला मिळाली नाही, १९७० लाच वारले ते.

कावेरी_न :
सगळे पिंडीवर अडकलेत म्हणून मी उखळाच्या बाजूने बोलते. मी योग्याकार्ताला दीड वर्ष होते. तिथल्या खेड्यात पाहिलेलं लेसुंग आपल्या उखळासारखं गोल नसतं, होडीसारखं लांबट असतं, अख्ख्या ओंडक्यात कोरलेलं, चार-पाच बायका एका वेळी मुसळं घेऊन उभ्या राहतील एवढं. गोल खळगा असतो त्याला लुंपांग म्हणतात. त्यामुळे खरं म्हणजे मोनासचा चौथरा लेसुंगपेक्षा लुंपांगसारखाच म्हणायला हवा, पण एवढं कोण बघतंय.
उलट पिंडीवाल्यांच्या बाजूने पण एक सांगते. जावातल्या जुन्या देवळांतली योनी आपल्या शाळुंकेसारखी गोल नसते, बहुतेक ठिकाणी चौकोनी असते. आणि मोनासची वाटीही चौकोनीच. म्हणजे इंडोनेशियाच्या डोळ्याने बघितलं तर ती आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्तच पिंडी आहे.

उगाचच :
पण मग पन्हळ कुठंय? शाळुंकेला तीर्थ वाहून जायला पन्हळ हवी. पन्हळ नाही म्हणजे पिंडी नाही, विषय संपला.

नाठाळ :
जकार्तात तासभर पाऊस पडू दे, अख्ख्या शहरात तीर्थ साचतं. पन्हळ नाही त्याचाच परिणाम.

ओसरीवरचा :
@उगाचच, अहो हाच मुद्दा मी आईला सांगितला. तर म्हणे, "पन्हळ नाही ना, मग पूर्ण प्रदक्षिणा घालता येईल, चल." मैदान जवळपास किलोमीटरभर लांब आणि तेवढंच रुंद आहे. एक बाजू चालून झाल्यावर शहाळं घेऊन बसली.

टेकडीवरचा :
म्हणजे चार किलोमीटर. शिवाजी पार्कच्या कट्ट्याच्या तीन फेऱ्यांच्या वर झाल्या की.

वरणभात_लिंबू :
माझं मत थोडं कडू आहे, आधीच सांगते. मला या सगळ्या राष्ट्रीय उंच खांबांचा कंटाळा येतो. ज्योत साडेचौदा टन ब्राँझची, तिच्यावर आधी ३५ किलो सोनं आणि १९९५ ला स्वातंत्र्याची पन्नाशी म्हणून वाढवून ५० किलो केलं. आता तो काळ आठवा. साठीच्या दशकात त्या देशात महागाई एवढी भडकली की १९६६ च्या सुमारास ६०० टक्क्यांच्या वर गेली होती. तांदूळ मिळत नव्हता लोकांना. आणि राजधानीच्या चौकात कुटायच्या मुसळाचं स्मारक उभं राहत होतं! लोकांच्या उखळात दाणा नाही आणि चौकातल्या मुसळाला सोन्याचं टोपण. तुम्ही पिंडी म्हणा नाहीतर उखळ म्हणा, मला त्यात आधी रांगेत उभी बाई दिसते.

पांढरा_रस्सा :
उखळ पांढरं झालं ते ठेकेदाराचंच. संगमरवर पण इटलीहून आणलेला, पांढरा शुभ्र.

सिव्हिलवाला :
@वरणभात_लिंबू, तुमचा राग कळतो पण पूर्ण पटत नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षं दुसऱ्याच्या मैदानात उभं राहिलेल्या लोकांना स्वतःचं काहीतरी उंच हवं होतं. ते मैदान डचांच्या काळात कोनिंग्सप्लेन होतं, म्हणजे राजाचं मैदान. त्याचं नाव मर्देका, स्वातंत्र्य, झालं. तिथे काहीच न बांधता नुसता तांदूळ वाटला असता तर आज कुणाला आठवलं असतं?

वरणभात_लिंबू :
ज्यांना मिळाला असता त्यांना.

जुनापुराणा :
हे उत्तर मी वहीत लिहून ठेवतोय.
अवांतर, 'मर्देका' हा शब्द मूळ संस्कृत महर्द्धिक. समृद्ध, मोठा माणूस या अर्थाचा. तिकडे जाऊन त्याचा अर्थ गुलाम नसलेला, मोकळा असा झाला. शब्द आपल्याकडून गेला पण जास्त चांगला अर्थ त्यांनी दिला असं माझं मत आहे.

मैदानी_खेळाडू :
साठीच्या दशकातलं जकार्ता म्हटलं की मला मोनास नाही, फुटबॉल आठवतं. १९६२ च्या आशियाई स्पर्धा तिथेच झाल्या, त्यासाठी सुकार्नोंनी नवं कोरं भलंमोठं स्टेडियम बांधून घेतलं. इस्राएल आणि तैवानला बोलावलं नाही म्हणून आपले क्रीडा-संघटक सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि तिथली जनता भारतावर भडकली. फायनलला अख्खं स्टेडियम आपल्याविरुद्ध ओरडत होतं. तरी पीके बॅनर्जी आणि जर्नेल सिंगच्या गोलवर दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक आणलं. जर्नेल बचावपटू, डोक्याला टाके, त्याला प्रशिक्षक रहीमसाहेबांनी पुढे खेळवलं. त्यानंतर आजतागायत आशियाईत फुटबॉलचं सोनं नाही. ते ५० किलो काय घेऊन बसलात.

चहाबाज :
आता वाचला सगळा धागा. फुटबॉलपर्यंत गेलाय म्हणजे तब्येत उत्तम आहे.

ठिपक्यांची_रांगोळी :
मला दुसऱ्या प्रश्नावर लिहायचंय, मुस्लिम बहुसंख्य देशात हे कसं चालतं. मला वाटतं हा प्रश्न आपल्याला पडतो, त्यांना फारसा पडत नाही. मैदानाच्या कोपऱ्याशीच, पश्चिमेच्या मोठ्या रस्त्यावर, कृष्णार्जुनाचा रथ आहे, आठ घोडे उधळलेत, अर्जुन कर्णावर बाण सोडतोय. १९८७ चं शिल्प, न्योमान नुआर्ता यांचं. त्याच रस्त्याला राष्ट्रीय संग्रहालय, त्यात सुकुह देवळातलं खरोखरचं लिंग ठेवलेलं. समोर मोनास. आणि डिसेंबर २०१६ मध्ये जकार्ताच्या तेव्हाच्या राज्यपालाविरुद्धचा प्रचंड मोर्चा निघाला तेव्हा लाखो लोकांनी शुक्रवारची नमाज पढली ती याच मोनासच्या पायथ्याशी. तेव्हा मोर्चेकऱ्यांना राग होता तो माणसावर. मागे उभ्या असलेल्या खांबाच्या आकारावर कुणी चर्चा करत नव्हतं.
म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं आहे असं मी म्हणत नाही, तो मोर्चा गोडीगुलाबीचा नव्हताच. पण महाभारत हे तिथे रात्रभर चालणाऱ्या वायांगच्या, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळाच्या, पडद्यावरचं आहे, धर्माच्या रकान्यातलं नाही.

सह्याद्रीपुत्र_०७ :
हे रथाचं माहीत नव्हतं. चांगली माहिती. अर्जुन कर्णावर बाण सोडतोय आणि समोर सुकार्नोंचं स्मारक, म्हणजे कर्णाचंच की!

ठिपक्यांची_रांगोळी :
अरे हो! हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. शिल्प सुहार्तोंच्या काळातलं. आता मला रात्री झोप येणार नाही.

जुनापुराणा :
योगायोग असावा. पण झकास योगायोग. सह्याद्रीपुत्र, पहिल्या प्रतिसादाबद्दल माफ केलं तुम्हाला.

बावाजी_नागपूरकर :
वरती जायला किती वेळ लागते बावा? पोराला नेतो म्हणतोय पुढच्या महिन्यात.

ओसरीवरचा :
@बावाजी, सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. लिफ्ट एकच, त्यात अकराच्या आसपास माणसं मावतात, आणि ११५ मीटरवरचा वरचा मजला ११ बाय ११ मीटरचा. आम्ही अडीच तास रांगेत होतो. प्रवेश उत्तरेकडून, घोड्यावरच्या दिपोनेगोरोच्या पुतळ्याजवळून भुयारातून आहे, बाकी चारी बाजूंनी फिरून लोक दमतात. (घोडा बघून आईने विचारलं, महाराज इकडे कुठे? सांगितलं, हे यांचे, १८२५ ते १८३० पाच वर्षं डचांशी लढले. मग त्यांनाही नमस्कार.) खाली संग्रहालयात इतिहासाचे ५१ देखावे आहेत, पोराला ते आवडतील, बोरोबुदुर बांधतानाचा वगैरे. आणि वाटीच्या आत स्वातंत्र्याचं दालन आहे, तिथे सोनेरी दारं यंत्राने उघडतात आणि सुकार्नोंच्या आवाजात घोषणा ऐकू येते. आवाज खरा, पण ते रेकॉर्डिंग काही वर्षांनी करून घेतलेलं आहे.

नाठाळ :
दार उघडून ज्योत वर जाते असं काही नाही ना? मग अडीच तास का उभं राहायचं.

उगाचच :
ज्योतीबद्दल एक ऐकलंय, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याच्या बाजूने बघितलं की ती बसलेल्या बाईसारखी दिसते म्हणे. खरं का?

कावेरी_न :
म्हणतात तसं. मी तिरकी मान करून दहा मिनिटं बघितलं, मला आइस्क्रीमचा कोन दिसला.

वरणभात_लिंबू :
एक प्रश्न. आता राजधानी बोर्निओला हलवतायत ना, नुसांतराला. २०२४ ला १७ ऑगस्टचा सोहळा तिथेही केला. मग मोनासचं काय होणार? राष्ट्रीय स्मारक जुन्या राजधानीत आणि राष्ट्र दुसरीकडे.

ठिपक्यांची_रांगोळी :
तिथला तो गरुडाच्या पंखांचा नवा राजवाडा पण नुआर्तांचाच, रथवाल्या. त्यावरून केवढी भांडणं झाली, वास्तुविशारद म्हणाले शिल्प आणि इमारत यात फरक असतो. तो वेगळा धागा होईल.

ओसरीवरचा :
सगळ्यांचे आभार. काल रात्री एक गंमत झाली ती लिहितो आणि मग झोपतो.
सोलोवाली सहकारी जेवायला आली होती. आईने पुन्हा तोच विषय काढला, मी दुभाषा. ती म्हणाली आमच्या आजीने लेसुंग शेवटचं वाजवलं ते १९८३ च्या ग्रहणात. मी म्हटलं वाजवलं म्हणजे? तर जावात ग्रहण लागलं की 'बातारा काला' नावाचा राक्षसी देव सूर्याला गिळतो म्हणून बायका रिकाम्या लेसुंगवर मुसळं आपटून आवाज करतात, तो पळून जावा म्हणून. ग्रहणाला शब्दही गर्‍हाना. ११ जून १९८३ ला जावात खग्रास होतं, आणि सुहार्तो सरकारने लोकांना सांगितलं होतं की घरात बसा, टीव्हीवर बघा, नाहीतर आंधळे व्हाल. आजी घरात बसली, पण घरातल्या घरात लेसुंग बडवलं.
हे मी आईला सांगितलं तर ती एकदम सरसावून बसली. १९८० च्या फेब्रुवारीतलं ग्रहण, ती कारवारला नवीन लग्न होऊन गेलेली. तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आजीने, परातीत पाणी घेऊन त्यात मुसळ उभं केलं होतं, ग्रहणात ते आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं म्हणून. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दारंखिडक्या बंद, आणि या दोघी परातीपुढे बसलेल्या.
मग त्या दोघींचं जे सुरू झालं त्यात दुभाष्याची गरज उरली नाही. आईने हाताने दाखवलं मुसळाला लोखंडी कडं कसं असतं, लग्नाच्या मुहूर्ताला आंब्याची पानं बांधून हळद कशी कुटतात. तिने टेबलावर चमच्याने लेसुंगचा ताल वाजवून दाखवला. खालच्या मजल्यावरच्यांनी फोन केला की आवाज कमी करा.

रानजाई :
अय्या! आणि मुसळ पडलं का ग्रहण सुटल्यावर?

ओसरीवरचा :
आई म्हणते पडलं. पण नंतर हळूच म्हणाली, मांजराचा धक्का लागला होता.

उगाचच :
म्हणजे पिंडी की उखळ ते ठरलं का शेवटी?

ओसरीवरचा :
विचारलं. म्हणाली, "उद्या परत नेतोस का? मागच्या वेळी तीन बाजू राहिल्या."

बावाजी_नागपूरकर :
माय, आईंना म्हणा मी बी येतो, पण सुट्टीचा दिवस सोडून.